कागदावर नाव कासवाचं

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे आणि आधीच कबूल करते, मी एका कासवावर जळते. त्याची आठवण आली तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा पाय ओतीव लोखंडाचा, अंगावर लाल रेक्झिन. दांडी पायाने दाबली की मी वर जाते. एका तरुण न्हाव्याने मला हौसेने आणलं. दुकान एवढंसं, त्यात खुर्ची मी एकटीच. सकाळी तो पुरुषांचे केस कापायचा, दुपारनंतर त्याची मानलेली ताई बायकांचे. दोघांच्या चुली माझ्या जिवावर पेटायच्या. "खुर्ची कसली, सिंहासन आहे!" असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुगून जायचे.

आणि ते कासव? न्हाव्याने दुकानातच पाळलेलं, काचेच्या पेटीत पडून पाला खायचं. काडीचं काम नाही, तरी लाड त्याचेच!

एकदा न्हावी म्हणाला, "ताई, कासवं शंभर वर्षं जगतात म्हणे. माझ्यामागे याचं कोण करणार?" त्याने लगेच कागद घेतला, कासव ताईला द्यावं असं लिहिलं आणि शेजारच्या दोन दुकानदारांना साक्षीला बोलावलं.

ताईला हसू आलं. "अरे, कासवाचं लिहिलंस, मग खुर्चीचंही लिही की."

"ती तुझीच आहे गं. आणि बत्तिसाव्या वर्षी कसली निरवानिरव? बघू पुढे."

पुढच्याच वर्षी चार दिवसांच्या तापात तो गेला.

त्याचा थोरला भाऊ आला. माणूस वाईट नव्हता. कागद दोनदा वाचून म्हणाला, "ताई, यात फक्त कासव आहे. आई-वडील नाहीत, त्याचं लग्नही झालेलं नव्हतं, तेव्हा बाकीचं कायद्याने आम्हा भावंडांचं."

"पण खुर्ची माझी, असं तो म्हणाला होता हो."

"म्हणाला असेल. लिहिलं नाही ना!"

ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पेटी उचलून निघाली. काय थाटात गेलं मेलं, मान वर करून!

आता मी भावाच्या गोदामात धूळ खातेय. मांडीवर रंगाचे रिकामे डबे. मला विकायचं की ठेवायचं, यावर भावंडांचं एकमत होत नाही. ताई दुसऱ्याच्या दुकानात फरशीवरचे केस झाडते, असं भाऊ परवा फोनवर सांगत होता. इतकी चांगली कात्री चालवणारी बाई! ते ऐकून मी कासवाचा राग विसरले. क्षणभरच.

विशीतल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आहे काय? एक सायकल नि एक गिटार. असू दे. ज्याचं पोट तुमच्या वस्तूवर आहे, ज्याचा जीव तिच्यात आहे, त्याचं नाव आजच लिहा आणि दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घ्या. तोंडी दिलेल्या शब्दावर ताईसारख्यांची चूल पेटत नाही. आणि लिहायला बसलात की, हात जोडून सांगते, आधी खुर्चीचं लिहा. कासवाला काय घाई आहे?