मागच्या दाराची खडखड

सन बासष्ट. विधानसभेचं मतदान होऊन महिना झाला होता. खुशालरावांच्या मोटारीचं मागचं दार आतून खडखडत होतं, आणि परवा अमरावतीत त्यांचं भाषण होतं, अस्पृश्यता निवारणावर. त्याच मोटारीत मंत्री बसणार. मंत्र्याच्या कानाशी खडखड झाली तर झेडपीचं तिकीट गेलं, एवढंच खुशालरावांचं राजकारण.

त्यांनी अकोल्याच्या आपल्या कापसाच्या जिनातल्या देवमनला बोलावलं. देवमन सहा वर्षं तिथं रोजंदारीवर यंत्रं दुरुस्त करत होता.

"खडखड काढ. तुले पक्का मिस्त्री करतो. पत्र तयार हाये, फक्त सही बाकी."

"आत बसून आयकाले लागन, मालक. गाडी चालू पाहिजे."

"बस ना. पन सीटवर नोको, नवं कव्हर हाये. खाली बस."

देवमन छप्पन साली बौद्ध झाला होता. कव्हर अजून जुन्याच धर्माचं होतं.

तो पाय ठेवायच्या जागेत उकिडवा बसला. ड्रायव्हर नत्थुजीनं मूर्तिजापूर रस्त्याला गाडी घातली. देवमननं काचेची मूठ धरून पाहिली. खडखड तशीच. मग दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर तळहात दाबला. आवाज बंद. हात काढला, पुन्हा सुरू. पुठ्ठा खालून फुगला होता, क्लिपा गंजून सुटल्या होत्या. वर गोठ्यासारखा वास. सीटवर बसला असता तर हे दिसलंही नसतं.

"नत्थुजी, दार आतून कोनं धुतलं?"

नत्थुजी समोरच पाहत राहिला. "मतदानाले तुमच्या वस्तीतले लोक याच सीटवर नेले ना आपन. दुसऱ्या दिवशी मालकानं दोन बादल्या गोमूत्र मारलं. मले काहून इचारतं बावा, मले पगार हाये."

देवमननं नवा पुठ्ठा कापला, मागून जाड लोकरीचा नमदा चिकटवला, क्लिपा बदलल्या. दार मुकं झालं.

"काय निघालं?" खुशालरावांनी विचारलं. पेन हातात होतं.

"गोमूत्र. पुना टाकसान तर पुना वाजन."

खुशालराव जवळ सरकले. "हे आपल्या दोघांतच राहू दे. जुना पुठ्ठा भट्टीत टाक, अन् सही घे."

देवमन पुठ्ठा घेऊन निघाला. भट्टी डावीकडे होती. तो उजवीकडे गेला आणि फाटकाला टेकवून पुठ्ठा उन्हात उभा केला. भोंगा झाला. पाळीचे दीडशे लोक बाहेर पडू लागले.

"काय रे हे?" सगळ्यांत पुढं असलेल्या, वस्तीतल्याच जयवंताबाईनं विचारलं.

"मतदानाले आपन बसलो होतो ना मालकाच्या गाडीत, त्या बाजूचं दार. हुंगून पाहा, बाई."

ती वाकली. मागचे रांगेत थांबले. वर कचेरीच्या खिडकीत खुशालरावांनी पेनाला टोपण लावलं.