माझ्या अंगावरची नखाएवढी पट्टी

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. नॉटिंगहॅमच्या एका घरात, जेवणाच्या टेबलाशेजारी माझा मुक्काम असतो. पोटाला पोचा आलाय, फिरताना कुरकुरतो. पण मित्रांनो, मला जुना म्हणा, चुकीचा म्हणू नका. तेवढं मला खपत नाही.

साठ सालाच्या सुमारास लंडनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मोसंबीच्या फोडींसारख्या कागदाच्या बारा पट्ट्या एका बाईनं माझ्यावर खळीनं डकवल्या. एक सुरकुती पडू दिली नाही. पुढे शाळेत पोरांनी मला गरागरा फिरवलं. मग देशांची नावं बदलायला लागली आणि शाळेनं मला जुन्या सामानात काढलं. तिथून मला उचललं ते डॉक्टर शशिधरांनी. ते पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले होते.

डॉक्टरांची सवय मोठी छान. कुठला देश स्वतंत्र झाल्याची बातमी आली, की जखमेवर लावायच्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीवर नवं नाव लिहून ते माझ्यावर लावायचे. त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

त्यांच्या वॉर्डात सिस्टर व्हर्ना होत्या, त्या आमच्या घरीही यायच्या. मध्य अमेरिकेत समुद्रकाठी त्यांचा देश, माझ्यावर जेमतेम नखाएवढा. छापलेलं नाव 'ब्रिटिश होंडुरास'. त्र्याहत्तर साली त्याचं नाव बेलीझ झालं, तेव्हा डॉक्टर पट्टी घेऊन तयारच होते.

"थांबा डॉक्टर," व्हर्ना म्हणाल्या. "नाव बदललंय, पण देश अजून इंग्लंडचाच आहे. आमचा झेंडा चढला, की मी स्वतः लावीन."

आठ वर्षं थांबल्या हो त्या. शेजारचा ग्वाटेमाला म्हणायचा, ही जमीन आमची. पण या चिमुकल्या देशानं लढाई केली नाही. त्याची माणसं देशोदेशी गेली, संयुक्त राष्ट्रांत बोलली, एकेक मत जोडत राहिली. शेवटी एकशे एकोणचाळीस देश त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि विरोधात एकही नाही. मी सगळे देश अंगावर घेऊन बसतो, मला विचारा हे किती अवघड असतं ते.

एक्याऐंशीच्या एकवीस सप्टेंबरला झेंडा चढला. व्हर्नांनी टाके काढायच्या कात्रीनं पट्टी कापली आणि चारदा माझ्यावर धरून पाहिली. "ग्वाटेमालाची रेघ झाकता कामा नये," त्या म्हणाल्या. "आपलं द्यायचं नाही, त्यांचं घ्यायचं नाही." ऊर भरून आला माझा. तेव्हापासून दर एकवीस सप्टेंबरला त्या नारळाच्या दुधातला राजमा-भात घेऊन येतात, आणि आधी माझ्यावरच्या त्या पट्टीवर अंगठा टेकवतात.

पुढे घरात कॉम्प्युटर आला आणि मी धूळ खात पडलो. गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांच्या नातीला, दहा वर्षांच्या अनुयाला, मला शाळेत न्यायचं मनात आलं. मी फुलून गेलो. तिनं मला ओल्या फडक्यानं असं घासलं, की चव्वेचाळीस वर्षांची ती पट्टी भुगा होऊन निघाली. खाली पुन्हा 'ब्रिटिश होंडुरास'.

"आजोबा, माझी मिस्टेक झाली," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही दुसरी लावा ना, प्लीज."

"ती पट्टी माझी नव्हती, अनु. रविवारी व्हर्नाआजी येतील, त्यांना तूच सांग."

सांगायचं कसं, या धास्तीनं पोरीला जेवण जाईना. शनिवारी तिनं गुपचूप प्रिंटरवर लेबल काढून मला चिकटवलं. चांगलं दोन बोटं लांब!

रविवारी व्हर्ना काठी टेकत आल्या. अंगठा पुढे केला आणि थबकल्या. "अरे वा! आम्ही ग्वाटेमाला कधी जिंकला?"

अनुयाला रडू फुटलं. "आय वॉज जस्ट क्लीनिंग इट, व्हर्नाआजी. आय ॲम सो सॉरी."

व्हर्नांचे डोळे भरले होते. "ती पट्टी लावली तेव्हा बेलीझहून आई फोनवर होती," त्या म्हणाल्या. "आता आई नाही."

मग त्यांनी ते लेबल अलगद सोलून काढलं. "हे खालचं नाव वाच. तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या शाळेत हेच शिकवायचे. ते पुसून आपला झेंडा चढवायला आम्हाला तीस वर्षं लागली, तुला एक दुपार लागेल. कात्री आण, पण ग्वाटेमालाची रेघ झाकायची नाही. माझे हात आता थरथरतात."

"पण ते लोक तुमची जमीन मागतात ना? मग त्यांची लाइन का नाही झाकायची?"

"म्हणूनच नाही झाकायची. दोन्ही देशांनी लोकांची मतं घेतली आणि भांडण आंतरराष्ट्रीय कोर्टात नेलंय. निकाल लागेपर्यंत रेघ दिसलीच पाहिजे."

पहिला तुकडा समुद्रात गेला, दुसरा ग्वाटेमालात. तिसरा नेमका बसला. अनुयानं तो अंगठ्यानं दाबला आणि तिच्या अंगठ्यावर व्हर्नांनी आपला अंगठा ठेवला. डॉक्टर आत शिरा करायला गेले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला कोरड्या फडक्यानं पुसा. आणि त्याच्यावर काही चिकटलेलं दिसलं, तर ओढून काढण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कुणी लावलं आणि त्यासाठी ते किती वर्षं थांबले होते.