सावरीची स्लीपिंग बॅग

मोहिमेच्या प्रमुख बाईंनी शाहजादीची स्लीपिंग बॅग दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरली. आतली पिसं कोपऱ्याकोपऱ्यात गोळा होऊन बसली होती, आणि मधल्या रिकाम्या कापडातून समोरच्या रस्त्यावरची झाडं दिसत होती.

"कुठून घेतलीस?"

"जुन्या बाजारातून."

"हलकी आहे म्हणून घेतलीस, होय ना? अगं, हलकी आहे कारण आत काही उरलंच नाही. कुणीतरी धुऊन, पिळून वाट लावलीय हिची. बर्फात हिच्यात झोपलीस तर सकाळी तुला हाक मारायला मीच येणार, आणि तू ओ देणार नाहीस."

बाई रागावल्या नव्हत्या, त्यामुळे ते जास्तच लागलं. पुण्याच्या त्या लहानशा गिर्यारोहण मंडळाची मुलींची ही पहिलीच हिमालयातली मोहीम होती. साल ब्याऐंशी. हमाल परवडणारे नव्हते, म्हणून प्रत्येकीनं आपलं ओझं आपल्या पाठीवर न्यायचं होतं. बॅग दोन किलोच्या आत हवी आणि पाणी गोठेल अशा थंडीत तिनं ऊब दिली पाहिजे, ही बाईंची अट. जिची बॅग चालणार नाही तिनं घरी राहायचं.

शाहजादीनं काय कमी शोधलं होतं? परदेशी पिसांची बॅग एका दुकानात होती; किंमत ऐकून ती मुकाट्यानं पायरी उतरली होती. लष्करानं विकायला काढलेल्या जुन्या मालातली एक मिळत होती, उबदार आणि दणकट, पण ती पाठीवर घेतली तर शिधा कुणी न्यायचा? राहिली ही. हाताला हलकी लागली, खिशाला झेपली, आणि तिनं घाईनं घेऊन टाकली. आता गाडी सुटायला आठवडाही उरला नव्हता.

पौडच्या बाबालाल पिंजाऱ्याची ही थोरली लेक. पुण्यात डी.एड. करता करता तिला गड चढायचा नाद लागला होता. हिमालयाचं नाव काढल्यावर तिच्या आईनं, रहिमतबीनं, बोलणंच टाकलं होतं. शेवटी बाबालालच म्हणाला होता, "जाऊ दे तिला. आपुन कुटं गेलो?" तेवढ्या एका वाक्यावर ती निघाली होती.

एसटीतून उतरून ती घरी आली आणि बॅग ओट्यावर टाकून मटकन बसली.

"रजई ने की आपली," आई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी बोलली ती एवढंच.

"अम्मी, रजई पाठीवर घेऊन चढ चढता येत न्हाई."

बाबालालनं बॅग मांडीवर ओढून घेतली. तरुणपणापासून बंद खोलीत कापूस पिंजून त्याची छाती निकामी झाली होती. डॉक्टरांनी दटावल्यावर पिंजण, कापूस सुटा करायचं ते धनुष्य, खुंटीला गेली, ती गेलीच. आता कापूस पुण्याहून तयार यायचा आणि रजया रहिमतबी शिवायची. त्यानं कापड बोटांत चोळून पाहिलं, शिवण ओढून पाहिली.

"खोळ झकास हाय. आतलं फेकून दे. सावरीचा कापूस भरू."

"उशीतला?"

"व्हय. हातात घेतलास तर हाय का न्हाई कळत न्हाई, अन ऊब म्हनशील तर लई. ताम्हिणीच्या तानुबाईकडं जा. ह्याच दिसांत बोंडं फुटत्यात."

शाहजादी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ताम्हिणीला गेली. तानुबाईची वाडी रस्त्यापासून आत, जंगलाला लागून होती. दरवर्षी ती सावरीचा कापूस वेचून पिंजाऱ्याच्या घरी आणून घालायची. शाहजादीला पाहून ती हसली नाही. नुसती झाडांकडे बोट करून म्हणाली, "परवाच्या वळवानं झोडपलं बग. समदं मातीला मिळालं."

काटेसावरीच्या बुडाशी फुटलेली बोंडं चिखलात लोळत होती. पांढरा कापूस भिजून, मळून जमिनीला चिकटला होता. शाहजादी खाली बसली आणि तो उचलून ओटीत टाकू लागली. एक पुंजका, दुसरा पुंजका. काट्यांनी मनगटं ओरबाडली, तरी ती थांबेना. वेचता वेचता तिला रडू फुटलं आणि नाक पुसायलाही चिखलाचेच हात राहिले.

"ऊठ गं," तानुबाईनं तिचा दंड धरला. "काळा पडलाय त्यो. कुजंल. मढ्यावानी वास मारंल तुला."

"मग मी काय भरू, मावशी? दुसरं काय घेऊ?"

तानुबाई झोपडीत गेली. माळ्यावरून तिनं एक गाठोडं खाली ओढलं. "गेल्या सालचा हाय. आमच्या सखूच्या लग्नाची गादी करायची म्हनून ठिवलाय. लगीन दिवाळीनंतर हाय. तवर बगू कायतरी. ने."

"पण मावशी..."

"ने म्हनलं न्हवं? बाबालालभाईला सांग, त्येचं आमी बगून घिऊ."

गाठोडं घरी आलं खरं, पण वर्षभर माळ्यावर दाबून राहिल्यानं कापसाचे दगडासारखे गोळे झाले होते. मायलेकींनी बसून बोटांनी ते सोडवायला घेतले. एक पूर्ण दिवस गेला, आणि सुटलेला कापूस एका उशीपुरता झाला. शाहजादीनं तो खोळीत भरून पाहिला. गाठीच गाठी. मध्ये पुन्हा तीच पोकळी. तिनं शिवण उसवली, पुन्हा भरला, पुन्हा उसवली. परवा बाईंना बॅग दाखवायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहिमतबी जवळच्या माले गावाला रजया पोचवायला गेली. घरात बापलेकच होते. शाहजादीनं खुंटीवरच्या पिंजणीकडे पाहिलं. खरं तर तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालंच.

"अब्बा, थोडाच हाय. हलक्या हातानं..."

बाबालालनं तिच्याकडे पाहिलं. मग तोंडाला ओला पंचा बांधून त्यानं पिंजण उतरवली. सावरीचा कापूस झुळकेनंही उडतो, म्हणून खोलीत जाऊन त्यानं दार-खिडकी लावून घेतली.

पिंजणीच्या तांतीचा आवाज सुरू झाला. लहानपणी ती याच आवाजानं जागी व्हायची. ती दाराला पाठ लावून बसली. आत खोकल्याची उबळ आली, तशी ती उठली, कडीला हात घातला. "अब्बा, बास."

"दार उगडू नगं. समदा उडंल."

ती पुन्हा बसली. आत जावं, पिंजण ओढून घ्यावी, असं एक मन सांगत होतं. दुसरं म्हणत होतं, अजून थोडा, एवढा होऊ दे. ते दुसरं मन जिंकलं. मग आवाज थांबला आणि खोकलाही आला नाही.

तिनं दार ढकललं. खोलीभर पांढरा धुरळा तरंगत होता. बाबालाल भिंतीशी कलंडला होता. पंचा सुटला होता, ओठ निळे पडले होते आणि छाती नुसती वरखाली होत होती, आत काही जात नव्हतं. शाहजादी किंचाळली. शेजारच्या गनीनं टेम्पो काढला. पुण्यापर्यंत ती मागच्या फळीवर बापाचं डोकं मांडीत घेऊन बसली आणि प्रत्येक श्वासाला "अल्ला, एवढा एक," म्हणत राहिली.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लागली. दिवसरात्र एक झाले. बाईंनी बॅगेचं काय झालं म्हणून निरोप पाठवला, तिनं उलट निरोप धाडला: मी येत नाही. आई शेजारी बसून नवऱ्याचे तळवे चोळत राहिली. शिव्या दिल्या असत्या तरी शाहजादीला बरं वाटलं असतं.

चौथ्या की पाचव्या सकाळी बाबालालनं डोळे नीट उघडले. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "गाडी कवा हाय?"

"गेली अब्बा. परवाच."

त्यानं तिच्याकडे मान वळवली.

"मग म्या कशाला पिंजला?"

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. शाहजादी पलंगाचा लोखंडी गज घट्ट धरून उभी राहिली. कपडे आणायच्या निमित्तानं तिनं पौडची एसटी धरली आणि वाटभर खिडकीला डोकं टेकून बसली. ती गेली असती तर बापाला मरणाच्या दारात टाकून गेली असती, आणि राहिली होती, तर त्याचे कष्ट मातीत घातले होते. कुठूनही बघितलं तरी सुटका नव्हती.

बाबालालला घरी आणलं त्या दिवशी रहिमतबीनं बंद खोली उघडली. जमिनीवर पसरलेला सावरीचा कापूस तिनं चादरीत गोळा केला, खोळ पुढ्यात घेतली आणि सुईत दोरा ओवला.

"अम्मी, आता कशाला?"

"पुढल्या साली जाशील न्हवं?"

"मी जात न्हाई. कदीच न्हाई."

रहिमतबीनं सुई थांबवली. "ह्येंचा दम गेलाय ह्येच्यात. त्यो चुलीत घालू व्हय? धर ते टोक."

शाहजादीनं टोक धरलं. आईनं खोळीला आडव्या पट्ट्या शिवल्या, म्हणजे कापूस जागचा हलणार नाही. टाका आरपार गेला तर तिथून गारवा शिरेल म्हणून आतून दुसरं कापड लावलं. बॅग पुरी झाली आणि माळ्यावर गेली. त्या वर्षी सखूच्या गादीला रहिमतबीनं पुण्याचा कापूस भरला आणि ताम्हिणीला स्वतः नेऊन दिली.

बाबालाल जगला, पण बाजारापर्यंत चालत जाणं त्याला पुन्हा जमलं नाही. पुढल्या मे महिन्यात मंडळाची मोहीम निघाली, तेव्हा शाहजादीचं नाव त्यानंच कुणाकडून तरी कार्ड लिहून घेऊन कळवलं; मग तिला नाही म्हणवेना. बॅग अटीपेक्षा थोडी जड भरली. बाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काटा बाजूला सारला.

सगळ्यात वरच्या तळावर वारा तंबू उपटायला बघत होता. पाय गार पडले, खांद्यापाशी थंडी शिरली. छातीपाशी मात्र ऊब होती. शाहजादी अंग आखडून पडली आणि कधीतरी तिचा डोळा लागला.

परत आली तेव्हा बाबालाल ओट्यावरच बसला होता. तिच्या सोललेल्या नाकाकडे त्यानं नीट पाहून घेतलं.

"झोप लागली?"

"लागली अब्बा. थोडी."

"थोडी लागली, तरी पुरं," तो म्हणाला, आणि खोकला आवरत सरकून त्यानं तिला बसायला जागा केली.