काठोकाठ भरलेली बरणी

माझी चूक कोणी काढली की माझं डोकं फिरतं. त्यातून शुक्रवारी माझा आवडता धडा चालला होता. वर्गातल्या बरणीतला निळा फायटर मासा समोर ठेवून मी सांगत होते, कल्ल्यांनी तो पाण्यातला प्राणवायू घेतो, परांनी तोल सांभाळतो, निमुळत्या अंगामुळे पाणी कापत जातो. दाराशी फरशी पुसणाऱ्या मावशी मध्येच म्हणाल्या, "बाई, हा तर सारखा वर येऊन हवा घेतो. मी रोज बघते."

मुलं हसली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही फरशी बघा, माशांचं मी बघते." मुलं आणखी हसली आणि मला बरं वाटलं. मग मला खुमखुमीच आली. मी बरणी काठोकाठ भरली, वर काच दाबून बसवली आणि म्हटलं, सोमवारी बघू कोणाला हवा लागते ते.

सोमवारी मासा काचेला खेटून मेलेला होता.

मुख्याध्यापिकांनी मावशींना धारेवर धरलं. बरणीत फिनेल उडालं असणार, पुन्हा असं झालं तर दुसरं काम शोधा, असं बजावलं. मावशी मान खाली घालून म्हणाल्या, उडाला असेल एखादा थेंब. मी तिथेच हजेरीपट चाळत होते.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडलं. हे मासे उथळ, साचलेल्या पाण्यातले. तिथे नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, म्हणून कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी त्यांना वेगळा कप्पा असतो. वरची हवा तोडली तर ते पाण्यातच गुदमरतात. वीस वर्षं शिकवतेय मी हा धडा. लाजेने माझे कान तापले.

आधी मुख्याध्यापिकांकडे जाऊन कबूल केलं. मग मावशींना वर्गात बोलावलं आणि मुलांसमोर सांगितलं, मासा मी मारला, मावशींचं बरोबर होतं, आणि सकाळी मी मुद्दाम गप्प बसले. त्यांची माफी मागितली. या वेळी कोणी हसलं नाही. वाटलं, आता तरी मन हलकं होईल.

मावशी ओले हात पुसत म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही गेल्यावर तो काचेला धडका देत होता, बाई. काच उचलावी असं फार मनात आलं. पण तुम्ही फरशी बघा म्हणाला होतात. मग मी फरशी पुसली."