टेम्पोच्या डाव्या बाजूची अंजली

"सगळं काढून टाका भाऊ, एक चिंधी ठेवायची नाय," असं म्हणत खंडेरावांनी टेम्पोवर थाप मारली, ती नेमकी अंजलीच्या खांद्यावर पडली.

धम्मपालने दचकून वर पाहिलं. अंजली हसतच होती. टेम्पोच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या उंचीएवढी, हातात मसाल्याची वाटी आणि नाकात नथ घेऊन ती गेली आठ वर्षं अशीच हसत होती. साडीचा लाल रंग पार उडाला होता, गालांवर निळसर झाक आली होती. व्हिनाइलवर, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकवर, छापलेल्या चित्रातला लाल उन्हात सगळ्यात आधी जातो, हे धम्मपालला कुणी सांगायला नको होतं. अंबड लिंक रोडवरच्या त्याच्या शेडमध्ये दूधवाल्यांच्या, बेकरीवाल्यांच्या, पाण्याच्या जारवाल्यांच्या कितीतरी गाड्यांना त्याने स्वतःच्या हाताने चित्रं चढवली होती.

"का हो, एकाएकी?" त्याने विचारलं.

"कुरियर कंपनीचं काम भेटलंय. त्यांना गाडी पांढरीफेक पायजे, वर त्यांचं नाव. सोमवारी दाखवायला न्यायची हाय. मसाल्याचं काय राहिलं नाय आता, भाऊ. माझे गुडघे गेले, पोरगं पुण्याला. कोण कांडणार?"

खंडेराव घोटीचे. 'मैना मसाले' हा त्यांचा धंदा, आईच्या नावाने काढलेला. माणूस मोठा प्रेमळ. भेटले की ते 'जय भीम' म्हणणार आणि धम्मपाल त्यांना 'रामराम' म्हणणार. दुसऱ्याचा नमस्कार आपल्या तोंडी घ्यायची ही दोघांची रीत पहिल्या दिवसापासूनची. मधे चार-पाच वर्षं मात्र गाठ पडली नव्हती. टेम्पो ड्रायव्हर चालवायचा, ते घोटीलाच असायचे. उजव्या बाजूची अंजली मागे एका ट्रकने घासून नेली, तेव्हाही ड्रायव्हरने परस्पर तिथे फोन नंबर चिकटवून घेतला होता. आता उरली होती ती ही डावीकडचीच.

"वहिनी कशा हायेत?" खंडेरावांनी चित्राकडे बघत विचारलं.

"बरी आहे," धम्मपाल म्हणाला.

बोलून गेला आणि स्वतःच चाट पडला. पण समोर ती धडधडीत उभी असताना दुसरं तोंडातून येणार तरी काय?

मग त्याने टेप काढला. या टेम्पोचं माप त्याला झोपेतही सांगता आलं असतं, तरी त्याने लांबी मोजली, उंची मोजली, पुन्हा लांबी मोजली. गिऱ्हाइकाला एक गोष्ट कधी पटत नाही. नवं लावायचा भाव एक, आणि जुनं काढायचा वेगळा. व्हिनाइल जितकं जुनं तितकं पत्र्याला धरून बसतं, मग काढायचा खर्च लावण्याच्या वर जातो. धम्मपालने तेवढंच निमित्त धरलं आणि नेहमीच्या दराच्या दुप्पट आकडा सांगून टाकला. उभ्या आयुष्यात त्याने असा भाव कुणाला सांगितला नव्हता. सांगताना कान गरम झाले. पण म्हटलं, एवढा ऐकला की खंडेराव हात जोडतील, टेम्पो वळवतील, आणि अंजली आली तशी जाईल.

खंडेरावांनी टोपी मागे सारून कपाळ पुसलं.

"लय व्हतंय," ते म्हणाले. मग त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "पण तुम्ही सांगताय म्हंजे तेवढं असंल. दुसऱ्याच्या दारात कुठं जाऊ मी? घ्या गाडी."

आता बोला! एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय? धम्मपालने किल्ली खिशात टाकली.

ते चित्र झालं कसं, तीही एक गंमतच होती. खंडेरावांना टेम्पोवर 'घरची बाई' हवी होती. धम्मपालने कॉम्प्युटरवर बाया दाखवल्या, खंडेरावांनी एकेकीला नापास केलं. "हिनं जन्मात मिरची कांडली नाय," म्हणे. तेवढ्यात अंजली डबा घेऊन आली, घामेजलेली, पदर खोचलेला. "ही! ही बाई पायजे!" खंडेराव ओरडले, आणि ती धम्मपालची बायको आहे हे कळल्यावर त्यांनी जीभ चावली. अंजलीची मात्र हसून हसून पुरेवाट झाली. शेजारच्या पार्लरवालीकडून चापाची नथ आणली. ती काही नाकावर ठरेना, दर फोटोला घसरायची. शेवटी घसरती नथ सावरता सावरता अंजलीला जे हसू फुटलं, तेच टेम्पोवर चढलं.

त्यानंतर भाजीबाजारात बायका तिला अडवायच्या. "तुम्ही मैना मसालेवाल्या ना हो?" ती खुशाल "हो" म्हणायची आणि मनाला येईल तशी मसाल्याची कृती ठोकून द्यायची. शाळेतली सेविकेची नोकरी, सासूचं दुखणं, लेक तेजलचं शिक्षण यांत तिचं फिरणं म्हणाल तर घर ते शाळा आणि शाळा ते घर. पण रस्त्यात टेम्पो दिसला की नवऱ्याला कोपर मारून म्हणायची, "बघा, मी चालले घोटीला. तुम्ही बसा इथंच चित्राखालचे हवेचे बबल काढत!"

तीन वर्षांपूर्वी अंजली गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून धम्मपाल पहिल्यांदा शेडकडे निघाला, तेव्हा द्वारकेच्या चौकात सिग्नल पडला. स्कूटरच्या आरशात आधी नथ दिसली, मग ओठ, मग सगळी ती. टेम्पो हळूच पुढे येऊन त्याच्या शेजारी थांबला. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला, कुणीतरी आईवरून शिवी घातली, तरी धम्मपालचा पाय रस्त्यावरून उचलेना.

तेव्हापासून ती त्याला भेटत राहिली. कधी आठवडा आठवडा नाही, तर कधी सकाळ-संध्याकाळ. सिन्नरला एका कारखान्याच्या बसचं माप घ्यायला गेला, तर स्टँडसमोर ती उसाच्या रसाच्या गाड्याआडून हसताना दिसली. थंडीत घोटीच्या रस्त्याला धुकं उतरलं होतं. त्यातून आधी नुसता पिवळा उजेड आला, मग तिचा चेहरा तरंगत आला आणि टेम्पो न दिसताच निघून गेला. सिग्नल सुटेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात तो तिला घरचं सांगायचा. तेजल बँकेत लागली. कढीपत्त्याला पुन्हा पालवी आली. शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा, बघू दे बापडा! घरात भिंतीवर तिचा फोटो होता, त्याला फुलंही वाहत. पण भिंतीवर ती गेलेली होती. रस्त्यावर ती जात-येत होती.

तेजलने एकदा सुचवलंही, "पप्पा, फाइल आहे ना तुमच्याकडे? आपल्या व्हॅनवर छापून लावू आईला."

"नको," तो म्हणाला. "आपल्या गाडीवर लावली तर मी जाईन तिथंच ती येणार. टेम्पोवर ती तिच्या मनानं फिरते."

तेजलने पुन्हा तो विषय काढला नव्हता.

रविवारी धम्मपालने शेडचं शटर अर्धं ओढलं आणि कामाला लागला. मागचं दार पांढरं केलं, उजवी बाजू पांढरी केली. डावीकडे आल्यावर त्याच्या मनात जे दोन दिवस घोळत होतं, ते त्याने करायला घेतलं. या धंद्यातला एक नियम कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी सांगायचा, की जुन्यावर नवं चढवायचं नाही. खालचं सुटलं की वरचंही सुटतं, ऊन लागलं की फुगतं, सगळं काम मातीत जातं. आणि आज तोच ते करायला निघाला होता. अंजली आत राहील. वरून पांढरं. कुरियरची गाडी ती, घोटी-सिन्नरच कशाला, पार धुळ्याला जाईल, सुरतेला जाईल, आणि ही कधी न पाहिलेली गावं बघेल. कुणाला कळणार होतं?

पांढऱ्या रोलचा मोठा तुकडा कापून तो शिडीवर चढला, तेवढ्यात तेजल डबा घेऊन आली. शेडमध्येच लहानाची मोठी झालेली पोर, तिला काय दिसायचं राहतंय?

"पप्पा, खालचं काढलं नाही?"

"राहू दे."

"उन्हाळ्यात फुगेल सगळं. कंपनी गाडी परत पाठवेल. खंडेरावकाकांचं काम जाईल हातचं."

"तेजल, असू दे ना तिला आत. काय बिघडतंय?"

हे म्हणताना त्याचा आवाज असा काही चिरकला की तेजलने डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि तुकड्याची खालची दोन टोकं धरली. "लावा," एवढंच म्हणाली.

धम्मपालने वरून सुरुवात केली. प्लास्टिकची पट्टी सपासप फिरू लागली. 'मैना मसाले' ही अक्षरं गेली. अंजलीचे केस गेले. भांग गेला. पांढरं कपाळावर उतरलं, भुवयांपर्यंत आलं, आणि त्याचा हात थांबला.

दवाखान्यात त्या दुपारी तो खाली औषध आणायला गेला होता. रांग होती. वर आला तेव्हा सिस्टरने चादर तिच्या तोंडावर ओढलेली होती, पांढरीशुभ्र, इस्त्रीची. हातातली औषधाची पिशवी कुठे ठेवावी हेही त्याला सुचलं नव्हतं.

"नाही," तो शिडीवरून म्हणाला. "हे नाही. हे मी माझ्या हातानं नाही करणार."

त्याने ते पांढरं भसाभसा ओढून काढलं, त्याचा बोळा केला आणि फेकून दिला. कपाळ मोकळं झालं. तो शिडीच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेजल खाली उभी राहून शिडी घट्ट धरून होती. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

थोड्या वेळाने त्याने तोंड धुतलं आणि हीट गन लावली. म्हणजे गरम हवा फेकणारं मोठं ड्रायरच. "मी तापवतो, तू ओढ. घाई नको. घाई केली की फाटतं."

तरी फाटायचं ते फाटलंच. आठ वर्षांचं ऊन खाल्लेलं व्हिनाइल ते. साडीच्या चिंध्या निघाल्या, वाटी अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली, बोटं एकेक करून आली. तिच्या मागचा पत्रा मात्र नव्यासारखा पिवळा निघाला. इतकी वर्षं त्याला ऊन लागलंच नव्हतं.

गळ्यापाशी आल्यावर धम्मपालने आच कमी केली. व्हिनाइल किती तापलं हे हाताच्या पाठीने बघतात, तसा त्याने हात अंजलीच्या गालाला लावला. गाल उबदार झाला होता, मऊ झाला होता. लावलेला हात त्याला काढवेना. तेजलने मान फिरवली.

"आता दोघं मिळून," तो म्हणाला. त्याने गन बाजूला ठेवली. एक टोक त्याने धरलं, एक तिने. हनुवटी सुटली. ओठ सुटले. जीव मुठीत धरून दोघं ओढत होती, आणि नथ, डोळे, कपाळ, सगळा चेहरा अख्खाच्या अख्खा हातात आला, कुठे चीरही नाही! "पप्पा, आली!" तेजल ओरडली.

तेवढ्यात ते तापलेलं व्हिनाइल आपणहून वळलं. डिंकाला डिंक भिडला, आणि बघता बघता चेहऱ्याची गुंडाळी झाली, पोळीच्या सुरळीएवढी. तेजल उलगडायला धावली, तर धम्मपालने तिचा हात धरला.

"नको. आता उघडायला गेलं तर फाटेल. राहू दे तशीच."

त्याने ती सुरळी दोन्ही तळव्यांत घेतली आणि टेम्पोला पाठ टेकून खाली बसला.

खंडेराव शटरखालून वाकून आत आले. उद्याची काळजी, म्हणून बघायला आले होते. "जय भीम भाऊ! झालं का?" म्हणाले, आणि बापलेकीची तोंडं बघून जागच्या जागी थबकले.

"काका," तेजल हळू आवाजात म्हणाली, "आई जाऊन तीन वर्षं झाली."

खंडेरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "आन मला म्हणालात, बरी हाय म्हणून," ते कसेबसे बोलले. "धम्मपालभाऊ, आधी सांगायचं नाय का? ठेवली असती मी गाडी तशीच."

"रामराम," धम्मपाल म्हणाला. "गाडी होईल उद्यापर्यंत. पैसे नेहमीच्याच भावानं द्या. फक्त थोडं थांबा." त्याने हातातली सुरळी छातीशी घेतली. "अजून गरम आहे."

दुखऱ्या गुडघ्यांवर हात रोवून खंडेराव सावकाश खाली बसले, त्याच्या शेजारी.