मायलेकींची मिसरी

केदारखेड्यातल्या मच्छिंद्र टेलरच्या घरात रोज सकाळी एकच भांडण व्हायचं, आणि ते बिडीवरून व्हायचं.

"आवो, आता तरी सोडा ती बिडी," द्वारकाबाई उंबऱ्यावरून ओरडायची. "सकाळपासून किती खोकून राह्यले तुम्ही!"

"सोडतो गं. हा एवढा बंडल सरू दे."

तो बंडल सरायचा, दुसरा यायचा. तीस वर्षांत असे किती बंडल सरले, ते मच्छिंद्रलाच माहीत. बाकी माणूस मोठा गोड. निम्म्या गावाचे कपडे त्याच्या हातचे. मापात कधी चूक नाही, सांगितल्या दिवशी कपडा तयार. पण मशिनीवर बसला की ओठात बिडी हवीच. एकदा साहेबराव पाटलांच्या सुनेच्या नव्या ब्लाउजवर ठिणगी पडली आणि बाहीला भोक पडलं. मच्छिंद्रने त्या भोकावर कापडाचं एक इवलंसं फूल शिवलं, दुसऱ्या बाहीवरही तसंच शिवलं आणि ही नवीन फॅशन आहे म्हणून ब्लाउज देऊन टाकला. पुढच्या महिन्यात गावातल्या सहा जणी तसलीच फुलं मागायला आल्या! द्वारकाबाई हसून हसून बेजार झाली. हसू ओसरल्यावर मात्र म्हणाली, "आज बाहीला भोक पडलं. उद्या छातीला पडल्यावर कशाचं फूल लावताल?"

मच्छिंद्र नुसता खोकला.

गंमत अशी, की नवऱ्याला हे सगळं सुनावताना द्वारकाबाईचं एक बोट बहुतेक वेळा तोंडात असायचं. ती मिसरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची आणि ती भुकटी दातांना घासत अर्धा अर्धा तास बसायची. सकाळी उठल्या उठल्या, जेवण झाल्यावर, मग दुपारी आळीतल्या बाया जमल्या की पुन्हा. तिच्या मायने लावली, सासूने लावली, ती लावत आली. त्याला व्यसन म्हणायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. व्यसन म्हणजे बाप्यांची बिडी, दारू, पत्ते. मिसरी म्हणजे दात घासणं!

दिवाळी झाली आणि दैवशाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ही त्यांची एकुलती एक लेक, अंबडला दिलेली. जावई भारत तिथे झेरॉक्सचं दुकान चालवतो. सातवा महिना सरत आला होता, तरी लेक एसटीतून उतरली तेव्हा तिच्याकडे पाहून मच्छिंद्रचा चेहरा पडला.

"बाई, किती वाळली गं तू!"

द्वारकाबाईने त्याच दिवशी हुकूम सोडला. "आजपासून या घरात बिडी बिलकुल पेटणार न्हाई. पोटातल्या लेकराला धूर लागतो."

मच्छिंद्रने ऐकलं. बिडीची तलफ आली की तो मशीन थांबवून रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभा राहायचा. द्वारकाबाईला फार समाधान वाटायचं. दारात बसून, मिसरी लावत ती त्याच्यावर नजर ठेवायची.

चार दिवसांनी मेहरुन्निसा आली. ती गावची आशा कार्यकर्ती, सगळे तिला मेहरुनआपा म्हणत. गावातल्या कोणत्या घरात कोणाचा कितवा महिना चालू आहे, हे तिला तोंडपाठ असे. भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात दैवशालाची सोनोग्राफी झाली होती, ते कागद तिने मांडीवर उघडले.

"मावशी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाची वाढ कमी हाय. हिच्या अंगात रक्त बी कमी हाय. काय खाऊ घालता तिला?"

"सगळं करून घालते. मेथी, शेंगदाण्याचे लाडू, दूध. पण घासच जात न्हाई हिच्या तोंडात."

मेहरुन्निसाने दैवशालाकडे पाहिलं. मग तिचा उजवा हात हातात घेतला. तर्जनीचं टोक काळं होतं.

"मिसरी लावतीस?"

"हां. दिवसातून चारदा लावते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कुणी शिकवली?"

दैवशाला हसली. "त्यात काय शिकवायचं, आपा? माय लावायची, मी तिच्या शेजारी बसायचे. अंबडला बी मायच डबी भरून देती."

"मंग!" द्वारकाबाई कौतुकाने म्हणाली. "विकतची काय कामाची? मी घरी भाजून देते, लाडवासंग."

मेहरुन्निसाने मांडीवरचे कागद मिटले. मग हळूच म्हणाली, "मावशी, काकांच्या बिडीत काय असतं?"

"तंबाखू. अजून काय असणार?"

"आन तुम्ही तव्यावर काय भाजता?"

द्वारकाबाईने आपल्या डबीकडे पाहिलं. "ते... भाजल्यावर त्याची मिसरी होती ना पण."

"ज्वारीची भाकर भाजली म्हणून तिच्यातली ज्वारी जाती का? भाजला तरी तंबाखू तंबाखूच राहतो. त्याचं जहर हिरड्यांतून रक्तात उतरतं आन आईच्या रक्तातून लेकराला पोचतं. लेकराला मंग पुरेसं मिळत न्हाई, ते वाढत न्हाई. आईची भूक मरती ती वेगळीच. तुम्ही काकांना बाहेर काढलं, ते बराबर केलं. पण त्यांचा तंबाखू लिंबाखाली गेला आन तुमचा लेकराच्या उशाला येऊन बसला."

द्वारकाबाईचा पारा चढला. "मेहरुन, तू मला शिकवती का? मी बी दोनदा बाळंत झाले. तव्हा बी लावतच व्हते की!"

"सगळ्यांचंच वाईट होतं, असं मी म्हणत न्हाई मावशी. पण धोका वाढतो. आपल्या लेकीचा धोका आपण आपल्या हातानं भाजून डबीत भरून द्यायचा का? तेवढं सांगा."

एवढं बोलून ती रक्तवाढीच्या गोळ्या देऊन निघून गेली. 

त्या दुपारी द्वारकाबाई जेवली नाही. "मी बी दोनदा बाळंत झाले," असं ती रागाच्या भरात म्हणाली होती, आणि तेच वाक्य आता तिच्या काळजात रुतून बसलं होतं. दैवशालाच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. ओंजळीत मावेल एवढा. नऊ दिवस राहिला आणि गेला. का गेला, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. अशक्त होता, देवाची मर्जी, असं म्हणून सगळे गप्प बसले. मिसरीमुळे गेला असं आज कोण सांगणार? पण मिसरीमुळे नाही गेला, असंही तिला कुणी सांगू शकत नव्हतं!

मच्छिंद्र तिच्याजवळ येऊन बसला. तिच्या मनात काय चाललंय ते त्याने ओळखलं होतं.

"त्याच्यासाठी झबलं शिवलं व्हतं मी," तो म्हणाला. "लई मोठं झाल्तं त्याला."

इतक्या वर्षांत त्या दोघांनी त्या लेकराचं नाव काढलं नव्हतं. द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला. रडू आवरल्यावर ती म्हणाली, "मी मिसरी सोडते. दैवशालाला बी सोडायला लावते."

"मंग मी बी बिडी सोडतो."

"बंडल सरल्यावर?"

मच्छिंद्रने खिशातला अर्धा बंडल काढला आणि मोरीतल्या बादलीत बुडवला. "सरला बघ," तो म्हणाला.

सोडतो म्हणणं सोपं असतं हो! पहिल्या तीन दिवसांत त्या घरावर काय बेतलं, ते शेजाऱ्यांना विचारा. द्वारकाबाईचं डोकं ठणकायचं. मिसरीवाचून पोट साफ होईना. भाजीत एकदा दुप्पट मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. मच्छिंद्रचे ओठ रिकामे राहीनात, म्हणून त्याने कापडावर खुणा करायचा खडू ओठात धरायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांशी बोलताना त्याच्या मिशा पांढऱ्याशुभ्र दिसायच्या. दैवशाला बापाकडे पाहून पोट धरून हसायची.

मेहरुन्निसा रोज चक्कर मारायची. "तलफ आली की घाबरू नका," ती सांगायची. "ती येती आन दहा मिनिटांत जाती. तेवढी दहा मिनिटं काढा. पाणी प्या, बडीशेप चावा, उठून कामाला लागा."

सहावा दिवस मात्र वाईट उगवला. मच्छिंद्र दोरे आणि बटणं आणायला भोकरदनला गेला होता. दैवशाला जेवून आडवी झाली होती. शिंकाळ्यावरचं गाडगं काढताना द्वारकाबाईच्या हाताला कागदाची पुडी लागली. आत तंबाखूची चार पानं होती.

ती पुडी तिने परत ठेवली. मग पुन्हा काढली. "एकदाच," ती स्वतःशी पुटपुटली. "माझ्या पोटात थोडंच लेकरू हाय?" तिने खिडकी लोटली, गॅस पेटवला, तवा ठेवला. पानं तापली आणि तो ओळखीचा कडवट वास घरभर पसरला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पानं काळी झाली, आता फक्त चुरायची बाकी होती.

मागे पावलं वाजली. दैवशाला दारात उभी होती. डोळ्यांत झोप, केस विस्कटलेले. ती रागावली नाही. हळूच येऊन मायच्या शेजारी टेकली आणि तिने लहानपणी पसरायची तसा तळहात पुढे केला.

"माय, मला बी दे थोडी. डोकं लई दुखून राह्यलं."

द्वारकाबाईने त्या तळहाताकडे पाहिलं. या हाताला तिने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. गूळ मागितला, गूळ दिला. चॉकलेट मागितलं, चॉकलेट दिलं. आणि एक दिवस याच हातावर चिमूटभर मिसरीही तिनेच ठेवली होती!

"न्हाई!" ती एवढ्याने ओरडली, की दैवशाला दचकली. "न्हाई देणार! तुला न्हाई आन मला बी न्हाई!"

तिने तवा उचलून तसाच मोरीत उलटा केला. वरून तांब्याभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली. मग ती मटकन खाली बसली आणि लेकीला कुशीत घेऊन रडू लागली.

"मीच तुला या नादाला लावलं गं. आन आज पुन्हा मीच..."

"माय, रडू नको." दैवशाला तिचे डोळे पुसत म्हणाली. "तू लावून राह्यलीस की मला राहवत न्हाई. तू न्हाई लावलीस तर मला जमतं. या पाच दिवसांत जमलंच की."

संध्याकाळी मच्छिंद्र आला आणि दारातच थबकला. "कशाचा वास गं?"

"तंबाखू भाजला व्हता मी," द्वारकाबाई म्हणाली. "लावणारच व्हते. लेकीनं वाचवलं."

मच्छिंद्र रागावेल असं तिला वाटलं. तो मात्र मान खाली घालून पिशवीतली बटणं चाचपत राहिला. "मी बी भोकरदनच्या स्टँडवर दोन झुरके मारले," तो म्हणाला. "मंग तुझी आठवण आली. टाकून दिली."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि एकदम हसायला लागले.

"जाऊ दे," मच्छिंद्र म्हणाला. "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस धरू."

"उद्यापासून कामून? आत्तापासून धरा!"

आणि खरंच, त्या संध्याकाळपासून त्या घरात तंबाखू आला नाही. दोन आठवड्यांत दैवशालाला भूक लागायला लागली. ती भाकरी मागून घ्यायची, तेव्हा द्वारकाबाई ती थापताना गुणगुणायची. जानेवारीच्या अखेरीला भोकरदनच्या दवाखान्यात दैवशालाला मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम, आणि रडणं असं की आख्खा वॉर्ड जागा व्हावा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतल्या, नीट जेवलात, मिसरी सोडलीत. सगळ्याचाच उपयोग झाला." मच्छिंद्र नातीला बघत नुसता उभा होता. त्याचा खोकला पुष्कळ कमी झाला होता.

बारशाला सगळी आळी जमली. मुलीचं नाव प्रियदर्शनी ठेवलं. जेवणं झाल्यावर बाया सवयीने अंगणात टेकल्या. शेजारच्या गिरिजाबाईने कमरेची डबी काढली, उघडली आणि द्वारकाबाईपुढे धरली.

"घे गं. किती दिवस झाले, संगं बसून लावली न्हाई."

द्वारकाबाईने तो हात प्रेमाने मागे सारला. "गिरिजा, तू माझी जिवाभावाची, म्हणून बोलते. राग धरू नको. मी लावायचे, माझ्या शेजारी माझी लेक बसायची. मला वाटायचं, ती नुसती बसली हाय. ती शिकून राह्यली व्हती! आता तुझ्याजवळ कोण बसलंय, ते बघ जरा."

गिरिजाबाईने वळून पाहिलं. तिची सून शेजारीच बसली होती. तिला तिसरा महिना होता, आणि तिची नजर त्या डबीवर खिळलेली होती.

गिरिजाबाईने डबीचं झाकण लावलं. "लई अवघड जातं का गं सोडायला?" तिने विचारलं.

"लई अवघड जातं," द्वारकाबाई म्हणाली. "मी सहाव्या दिवशी तवा ठेवला व्हता. पण सुटती. तू उद्या सकाळी माझ्याकडंच ये. तलफ आली की दोघी मिळून दहा मिनिटं काढू."

वाचकहो, तंबाखू बिडीत भरा, चुन्याबरोबर मळा, नाहीतर तव्यावर भाजून त्याला दात घासायची पूड म्हणा; नाव बदललं म्हणून त्याचं काम बदलत नाही. नवऱ्याच्या, मुलाच्या व्यसनावर आपण तावातावाने बोलतो. बोलावंच. पण बोलताना स्वतःच्या तोंडातही एकदा पाहावं. आपल्या घरातली लेकरं आपला उपदेश ऐकतात की नाही, सांगता येत नाही; आपण काय करतो, ते मात्र बघून बघून शिकतात. पन्नाशी उलटल्यावरही एवढ्या वर्षांची सवय मोडता येते. मधेच पाय घसरला तरी पुन्हा उठता येतं. आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी सोडायला तयार झालं, तर बाकीच्यांना सोडणं कितीतरी सोपं जातं!