समुद्राकडे तोंड केलेला कुत्रा

मी एक जुना दगडी कुत्रा आहे. बंदरावरच्या टेकडीवर इनारी देवाचं देऊळ आहे, त्याच्या दारात मी बसतो. मित्रांनो, नावाचा मी कुत्रा. आयाळ सिंहाची आणि नाक तर कुणाचंच नाही. पाथरवटाने मला फिरत्या चौथऱ्यावर बसवलं, तेच माझ्या नशिबी आलं. माझं तोंड समुद्राकडे फिरवलं की वादळ उठतं आणि निघालेली जहाजं बंदरातच अडकतात, असं इथली माणसं मानतात.

वारा काही माझं ऐकत नाही. पण लोक पाठ थोपटायचे आणि मी थोपटून घ्यायचो.

एकदा पानगळीच्या दिवसांत राइहेई खलाशाची किनु आली. आईवेगळी पोर, आणि बाप दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघणार होता. तिने टाळ्या वाजवून देवाला नमस्कार केला आणि खांदा लावून मला समुद्राकडे वळवलं. सकाळी खरंच वादळ उठलं. राइहेई घरीच राहिला. "कुत्र्याने मलाच दावणीला बांधलं," असं तो हसत सगळ्यांना सांगत सुटला. किनुने माझ्यापुढे गरम मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा मऊ गोळा, ठेवली. मी फुगून गेलो.

तेवढ्यात शेजारची तोमेकाकू धापा टाकत पायऱ्या चढून आली. तिचा मुलगा जिनकिची त्याच दिवशी जहाजातून परतायचा होता. माझं तोंड पाहून ती थबकली आणि मला ढकलू लागली. चौथरा पावसाने आवळला होता, हलेना.

"कुणी फिरवला गं हा?"

"मी. बाबा जाऊ नयेत म्हणून. काकू, जिनदादा येतोय हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं, की विचारलं नाहीस?"

किनुची मान खाली गेली. तोमेने पुन्हा चौथऱ्याला खांदा लावला. मग म्हणाली, "रडू नंतर. खांदा लाव."

दोघींनी मिळून मला वळवलं. वादळ ओसरल्यावर जहाज आलं, डोलकाठी मोडलेलं. जिनकिची त्यात नव्हता.

तोमेने कुणाला बोल लावला नाही. अजूनही जाता-येता ती मला वाकून नमस्कार करते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वादळ मी आणलं नव्हतं, मित्रांनो. पण त्याची मोची मी मिटक्या मारत स्वीकारली होती.

आपलं माणूस घरी राहावं, असं कुणाला वाटत नाही? मला खुशाल फिरवा. फक्त आधी खाली बंदरात जा आणि विचारा, आज कुणाचं माणूस घरी यायचं आहे.